गहू बंद केल्यावर पोरं बरी झाली होती, तरी या डॉक्टरांनी त्यांना परत गहू का खायला दिला?

लेकराचं पोट सारखं बिघडतंय, अंगाला काही लागत नाही, वजनाचा काटा हलत नाही. अशा वेळी घरात पहिलं काय होतं?

काहीतरी बंद होतं. कुणी दूध बंद करायला सांगतं, कुणी अंडं, कुणी गहू. मग पंधरा दिवसांत पोरगं जरा हसायला-खेळायला लागलं की सगळं घर ठरवून टाकतं, दोषी सापडला.

पण खरंच सापडलेला असतो का? त्याच पंधरा दिवसांत औषध सुरू झालेलं असतं, बाहेरचं खाणं थांबलेलं असतं, आजी रोज मऊ भात भरवत असते. आणि काही दुखणी तशीही आपोआप चढतात, आपोआप उतरतात. मग पोरगं नेमकं कशानं सुधारलं?

याचं उत्तर मिळवायचा जुना, सरळ आणि जरा भीतीदायक मार्ग एकच आहे. जे बंद केलं ते परत देऊन बघायचं.

हे काम नीट, वजनं-मापं घेऊन, वर्षानुवर्षं करणारे एक डॉक्टर नेदरलँड्समध्ये होऊन गेले. त्यांचं नाव विलेम कारेल डिके. आज दुकानात ग्लूटेन-फ्री लिहिलेली पाकिटं दिसतात, त्या शब्दामागचं मूळ काम त्यांचं. आपल्याकडे मात्र हे नाव डॉक्टर मंडळी सोडली तर फारसं कुणाला माहीत नसतं.

डिके यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९०५ चा, डॉर्ड्रेख्त गावातला. १९२२ ते १९२९ या काळात ते लायडनला डॉक्टरकी शिकले. मग हेग शहरातल्या ज्युलियाना बालरुग्णालयात लहान मुलांच्या आजारांचं शिक्षण घेतलं. १९३६ साली, म्हणजे वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, ते त्याच रुग्णालयाचे वैद्यकीय संचालक झाले.

त्या काळी बालरुग्णालयांत एक विचित्र आजार असायचा. मूल वर्षाचं-दीड वर्षाचं होईपर्यंत चांगलं असायचं, मग हळूहळू उतरायला लागायचं. हातापायाच्या काड्या, पोट मात्र टम्म फुगलेलं. फिकट, फेसाळ, भयानक वासाची शी. भूक नाही, सतत किरकिर, उंची थांबलेली. हा सिलिअॅक आजार.

नाव जुनंच होतं. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ साली या आजाराचं चोख वर्णन करून ठेवलं होतं. मूल बरं व्हायचंच असेल तर आहारानेच होईल, हेही त्यांनी ओळखलं होतं. पण कुठल्या आहाराने?

इथे गंमत बघा. गी यांनी भात आणि साबुदाणा अशा पिठूळ पदार्थांना नको म्हटलं आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पाव चालेल असं सांगितलं. आज आपल्याला माहीत आहे की नेमकं उलटं हवं होतं.

त्यांनीच एका मुलाची हकिगत लिहिली आहे. त्याला रोज लिटरभराहून थोड्या जास्त मापाने डच शिंपले खायला दिले आणि तो छान सुधारला. शिंपल्यांचा हंगाम संपला, तो परत आजारी पडला. पुढच्या हंगामात मात्र पोरगं शिंपल्यांना तोंड लावायलाच तयार होईना, त्यामुळे दुसऱ्यांदा करून बघायची संधी गेली. शिंपल्यांनी पोट भरायचं म्हणून पाव कमी खाल्ला जात असेल, एवढा अंदाज आपण आज करू शकतो. गी यांच्याकडे तो करायला काही आधार नव्हता.

पुढे १९२४ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास केळी घेऊन आले. दहा मुलांचा अनुभव त्यांनी मांडला. आठ जणांना केळ्यांचा आहार दिला, ती सुधारली. दोघांना दिला नाही, ती दगावली. झालं, जगभर केळ्यांचा बोलबाला झाला.

आता हास यांच्या आहारात केळी तर होतीच, पण पाव, बिस्किटं, बटाटे, धान्यं बंद होती. मुलं सुधारत होती हे खरं. श्रेय केळ्यांना गेलं, आणि पाव बंद होता या गोष्टीकडे लक्ष गेलं नाही.

याचा फटका नंतर बसला. हास यांचं म्हणणं होतं की ठरावीक काळ हा आहार घेतला की मूल कायमचं बरं होतं आणि मग त्याने काहीही खावं. तशी मुलं परत पाव खायला लागली. वरवर ठीक दिसणाऱ्या अशा काही जणांचा आजार पुढे मोठेपणी परत वर आला. म्हणजे गहू परत द्यायचं काम इथेही झालंच होतं, फक्त तो देताना कुणी मोजमाप करत नव्हतं.

हा आजार तेव्हा किती वाईट होता? १९३९ साली ब्रिटनमध्ये ७३ मुलांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातली सुमारे ३० टक्के मुलं वाचली नव्हती.

तर अशा काळात डिके हेगच्या रुग्णालयात होते.

सुरुवात एका आईच्या निरीक्षणातून झाली, असं सांगितलं जातं. तिच्या सिलिअॅक झालेल्या लेकराच्या अंगावर पुरळ होतं आणि पाव बंद केला की ते पटकन कमी होतं, हे तिच्या लक्षात आलं होतं. असली गोष्ट ऐकून मान डोलावणारे आणि विसरणारे डॉक्टर तेव्हाही कमी नसणार. डिके यांनी ती डोक्यात ठेवली आणि १९३६ पासून वॉर्डातल्या मुलांवर आहाराचे प्रयोग सुरू केले.

पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. मुलाच्या आहारातून गहू काढायचा. बाकी जेवण पोटभर. वजन, उंची, भूक, शी या सगळ्याची नोंद ठेवायची. काही महिन्यांत मूल भरायला लागतं. मग गहू परत आहारात येतो. कधी डॉक्टर मुद्दाम देऊन बघतात, कधी मूल घरी जातं आणि घरच्यांसारखं जेवायला लागतं. वाढीचा आलेख परत वाकतो. पुन्हा गहू बंद, आलेख पुन्हा वर.

एकाच मुलाच्या बाबतीत हे वर-खाली अनेकदा झालेलं दिसलं, की मग योगायोग म्हणायला जागा उरत नाही. औषधं, विश्रांती, हवापालट, केळी यांतलं काही दर वेळी गव्हाबरोबरच येणार-जाणार नाही ना.

१९४१ साली त्यांनी डच वैद्यकीय साप्ताहिकात या आजारासाठी एक सोपा आहार सुचवला. पाव नको, टोस्ट नको, दिवसातून दोनदा गरम जेवण, आणि गव्हाचं पीठ न घालता केलेली लापशी. बस्स. केळी आणायला तेव्हा युरोपात युद्ध सुरू होतं, जहाजं कुठून येणार? घरात मिळेल त्यात भागेल असा हा आहार होता.

आता डिके यांच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट.

१९४४ च्या सप्टेंबरमध्ये डच रेल्वे कामगारांनी संप केला. देश नाझींच्या ताब्यात होता. त्यांनी बदला म्हणून पश्चिम भागाची रसद तोडली. हेग, अॅमस्टरडॅम, रॉटरडॅम या शहरांत उपासमार सुरू झाली. माणशी रेशन दिवसाला १००० कॅलरींच्याही खाली गेलं. माणसांनी ट्युलिपचे कंद आणि शुगर बीट शिजवून खाल्ले. सुमारे २०,००० लोक मेले. डच लोक याला भुकेचा हिवाळा म्हणतात.

गावात पाव नव्हता. आणि त्या काळात सिलिअॅकची मुलं मात्र आधीपेक्षा बरी दिसायला लागली, अशी आठवण आहे. एप्रिल १९४५ च्या अखेरीपासून मित्रराष्ट्रांच्या विमानांनी अन्नाची पोती टाकायला सुरुवात केली, पाव परत आला. इतक्या हालानंतर आलेला पाव आजारी लेकरांना आधी दिला गेला, आणि तीच लेकरं परत आजारी पडली.

गोष्ट जबरदस्त आहे, त्यामुळे ती सगळीकडे अशीच सांगितली जाते, की उपासमारीमुळे हा शोध लागला. पण तारखा बघा. प्रयोग १९३६ पासून सुरू होते, लेख १९४१ चा. भुकेच्या हिवाळ्याने डिके यांना शोध दिला नाही. जे त्यांना वॉर्डात दिसत होतं, ते तेव्हा अख्ख्या शहरात झालं, एवढंच. शिवाय तेव्हा नुसता गहू नाही, सगळंच गायब होतं, त्यामुळे पुरावा म्हणून तो हिवाळा तसा कच्चाच. वॉर्डातल्या कंटाळवाण्या नोंदी जास्त पक्क्या होत्या.

लोकांना मात्र हे पटत नव्हतं. १९४७ साली न्यूयॉर्कला बालरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिथे डिके यांचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. साहजिक होतं. हजारो वर्षं माणूस जे खातोय, ज्याच्यावर अख्खा युरोप जगतोय, ते धान्य लेकरांना आजारी पाडतं हे कोण ऐकून घेणार? शिवाय वजनाचा आलेख दाखवला तर समोरचा म्हणणार, वजन काय, शंभर कारणांनी वर-खाली होतं.

म्हणून आकडे हवे होते. ते उट्रेख्तच्या व्हान दे कामर यांनी मिळवून दिले.

हे जीवरसायनशास्त्रज्ञ. त्यांनी शीमधली चरबी मोजायची एक पद्धत बसवली, ती १९४९ साली प्रसिद्ध झाली. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण सगळा खेळ तिथेच होता. सिलिअॅकमध्ये आतड्याचं अस्तर खराब होतं आणि खाल्लेली चरबी अंगात शोषली जात नाही, शीवाटे निघून जाते. मुलाने किती चरबी खाल्ली आणि किती बाहेर पडली हे मोजलं, की आतडं किती काम करतंय ते आकड्यात कळतं. तिसरे जोडीदार होते बालरोगतज्ज्ञ वायर्स.

आता तिघांनी मिळून एकेक धान्य परत देऊन बघितलं. बऱ्या झालेल्या मुलाला गव्हाचं पीठ दिलं, शीमधली चरबी वाढली. राय नावाचं धान्य दिलं, तेच झालं. तांदूळ दिला, काही नाही. मक्याचा स्टार्च, काही नाही. बटाटा, काही नाही.

आणि मग आला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. गव्हाचा नुसता स्टार्च दिला, तेव्हाही काही झालं नाही.

हे समजून घ्यायला आपल्याला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. ज्यांनी घरी कुरडया होताना बघितल्यात त्यांना लगेच कळेल. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, पिळून गाळायचे. भांड्याच्या तळाला जो पांढराशुभ्र चीक बसतो तो म्हणजे मुख्यतः स्टार्च. हातात जो चिवट चोथा उरतो त्यात कोंडा असतो आणि गव्हातलं प्रथिन असतं. पोळीची कणीक ताणली तर तुटत नाही, भाकरीचं पीठ मात्र लगेच चिरतं, तो फरक याच प्रथिनाचा. त्याचं नाव ग्लूटेन.

म्हणजे आजार करणारी गोष्ट चिकात नव्हती, चोथ्यात होती. (म्हणून सिलिअॅकच्या मुलाला कुरडई चालेल असं समजू नका. घरच्या चिकात ग्लूटेनचा अंश राहतोच.)

१९५० साली डिके यांनी उट्रेख्त विद्यापीठात आपला प्रबंध सादर केला. काही धान्यांचा सिलिअॅकच्या रुग्णांवर होणारा वाईट परिणाम, हाच विषय. १९५२ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या गटाने, ज्यात शार्लट अँडरसन होत्या, गव्हाचे भाग वेगळे करून मुलांना देऊन बघितले आणि दोष ग्लूटेनचाच हे लॅन्सेटमध्ये मांडलं. १९५३ मध्ये डच तिघांचे लेख आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आले. मग जगाने मान्य केलं.

इथे एक अवघड प्रश्न आहे, तो टाळून पुढे जाता येत नाही. जे मूल बरं झालंय, खेळतंय, त्याला आजारी पाडणारी गोष्ट जाणूनबुजून खायला द्यायची, हे कितपत बरोबर?

आजच्या नियमांत असा प्रयोग करायचा तर समितीची मंजुरी, पालकांची लेखी संमती, सगळं लागेल. तेव्हा तसं काही ठरलेलं नव्हतं. पण दुसरी बाजूही बघायला हवी. रक्ताची तपासणी तेव्हा अस्तित्वात नव्हती. आतड्याचा तुकडा काढून बघायची सोय १९५६ च्या आसपास आली. म्हणजे खात्री करायचा दुसरा मार्गच नव्हता. खात्री नसताना एखाद्या कुटुंबाला सांगायचं, की या मुलाला जन्मभर पाव देऊ नका? तेही अशा देशात, जिथे सकाळ-दुपारचं जेवण म्हणजेच पाव? आणि अंदाज चुकला असता तर मूल विनाकारण उपाशी राहिलं असतं आणि खरं कारण तसंच राहिलं असतं. माझ्या मते डिके यांनी मुलांना सोसायला लावलं, पण ते मोजून, नजरेखाली आणि थोडक्या काळासाठी. हास यांच्या पद्धतीत बरं झालं म्हणून सोडून दिलेल्या मुलांनी त्यापेक्षा जास्त सोसलं.

हा परत देऊन बघायचा मार्ग पुढे नियमच झाला. १९६९ साली स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनला युरोपातल्या मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांनी ठरवलं, की सिलिअॅकचं निदान करताना आतड्याची तपासणी तीन वेळा करायची. एकदा गहू खात असताना, एकदा बंद केल्यावर, एकदा परत सुरू केल्यावर. १९९० साली तिसरी पायरी बहुतेक मुलांसाठी ऐच्छिक केली. आता रक्तातल्या अँटीबॉडी तपासता येतात, त्यामुळे गहू परत देऊन बघायची वेळ क्वचित येते. आणि २०१२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार पाच वर्षांखालच्या मुलांत आणि वयात येतानाच्या झपाट्याने वाढीच्या काळात ते शक्यतो टाळायचं असतं.

मग ही वेळ आजही कुणावर येते? बहुतेकदा अशा घरांवर, जिथे तपासणीच्या आधीच गहू बंद केलेला असतो. गहू बंद असला की अँटीबॉडी खाली येतात, आतडं भरून येतं, आणि आजार असूनही तपासणी कोरी येऊ शकते. मग डॉक्टरांना सांगावं लागतं की आता काही आठवडे परत गहू खायला द्या, नंतर तपासू. बऱ्या झालेल्या लेकराला परत त्रासात ढकलायचं म्हणून आईबापांच्या पोटात गोळा येतो. म्हणून शंका आली तर आधी तपासणी, मग पोळी बंद, हा क्रम लक्षात ठेवा.

दुसरं म्हणजे परत दिल्यावर त्रास लगेचच दिसेल असं नाही. काही मुलांना दोन दिवसांत दिसतो, काहींना कित्येक आठवडे. रविवारी लग्नात पुरी खाल्ली, सोमवारी काही झालं नाही, म्हणजे आता चालतं, हा हिशोब इथे लागू नाही. सिलिअॅक असेल तर गहू जन्मभर बंदच.

पण सगळंच कायमचं बंद नसतं. आतड्याचं अस्तर खराब असताना दूधही पचत नाही, म्हणून सुरुवातीला काही मुलांचं दूध कमी करतात. अस्तर भरून आलं की बहुतेकांना ते परत चालतं. ओट्सचंही तसंच. डिके यांच्या काळापासून ते संशयितांच्या यादीत होते. १९९५ साली फिनलंडमध्ये मोठ्या माणसांना ते देऊन बघितले आणि बहुतेकांना चालले. आता गव्हाची भेसळ नसलेले ओट्स अनेक मुलांनाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात.

आणि शेंगदाणे, अंडं यांची अॅलर्जी हा पूर्ण वेगळा विषय आहे. तिथे परत देऊन बघताना काही मिनिटांत श्वास अडकू शकतो, त्यामुळे ते घरी करायचंच नाही, दवाखान्यातच.

आपल्याकडे एक गोष्ट सोपी आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, यांतल्या कशातच ग्लूटेन नाही. हेगमधल्या आईला पावाशिवाय ताटात काय वाढायचं हा प्रश्न होता. सोलापूरच्या आईला भाकरी आहे. फक्त गिरणीत गव्हानंतर लगेच ज्वारी दळून आणली तर गव्हाचं पीठ त्यात येतंच, तेवढं सांभाळायचं.

डिके १९५७ साली उट्रेख्तला प्राध्यापक झाले आणि तिथल्या विल्हेल्मिना बालरुग्णालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पण तब्येत साथ देत नव्हती. २७ एप्रिल १९६२ रोजी ते गेले, तेव्हा ते फक्त ५७ वर्षांचे होते. डच पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्यांच्या नावाने सुवर्णपदक सुरू केलं. हेगचं ज्युलियाना बालरुग्णालय आजही चालू आहे, आता ते शहरातल्या हागा रुग्णालयाचा भाग आहे.